जागा गेल्या की मतदार गेले?

पराभव झाला की पक्ष कार्यालयात पहिला हिशेब जागांचा होतो. इतक्या होत्या, इतक्या उरल्या. मग कुणीतरी 'आपला जनाधारच संपला' म्हणतं, चिंतन बैठक ठरते आणि प्रदेशाध्यक्ष बदलतो. जागा जाणं आणि मतदार जाणं बऱ्याचदा एकत्रच घडतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण दुखणी वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पुढची पाच वर्षं वाया जातात.

कर्नाटक बघा. 2018 च्या विधानसभेत भाजपला सुमारे 36 टक्के मतं आणि 104 जागा मिळाल्या. 2023 मध्ये मतं पुन्हा सुमारे 36 टक्केच, जागा मात्र 66. मग झालं काय? जनता दल सेक्युलर 18 टक्क्यांवरून 13 वर घसरला, काँग्रेस 38 वरून 43 च्या जवळ गेली. तिरंगी लढतीत जेवढ्या मतांवर भागत होतं, तेवढ्यावर आता भागेना. अशा पराभवावरचं औषध म्हणजे मतांची बेरीज. भाजपने तेच केलं: जनता दलाशी युती केली आणि 2024 च्या लोकसभेत दोघांनी मिळून 28 पैकी 19 जागा घेतल्या. हे औषध लवकर लागू पडतं, कारण मतदार घरी आहे, फक्त गणित चुकलंय. (एकूण टक्केवारी तीच म्हणजे मतदारही तेच, असं मात्र नाही. जुन्या म्हैसूर भागात भाजपची मतं वाढली होती, इतरत्र घटली होती.)

दुसरं दुखणं उत्तर प्रदेशात काँग्रेसला झालं. 1984 च्या लोकसभेत 85 पैकी 83 जागा जिंकणारा पक्ष 2022 च्या विधानसभेत 403 पैकी 2 जागांवर आला, मतं अडीच टक्क्यांच्याही आत. इथे बेरजेला हाताशी काही उरलेलंच नसतं. बूथवर बसायला माणूस मिळत नाही. ज्या समाजांची एकगठ्ठा मतं मिळायची, त्यांची पुढची पिढी दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारत मोठी झालेली असते. नवा अध्यक्ष आणून किंवा यात्रा काढून हे भरून येत नाही. 2024 च्या लोकसभेत समाजवादी पक्षाबरोबर लढून काँग्रेसला तिथे 6 जागा मिळाल्या, 2019 मध्ये एकच होती. त्यात आपली मतं किती आणि मित्रपक्षाची किती, हे तिथल्या काँग्रेसवाल्यांनी स्वतःला विचारायला हवं. युतीच्या जागा मोजून 'पक्ष उभा राहिला' म्हणणं मला तरी घाईचं वाटतं.

ही गफलत उलट्या दिशेनेही होते, आणि ती जास्त फसवी. ब्रिटनच्या मजूर पक्षाला 2019 मध्ये 202 जागा मिळाल्या, तेव्हा त्याची 1935 नंतरची सर्वांत वाईट अवस्था म्हणून चर्चा झाली. 2024 मध्ये 411 जागा! पण मतांची टक्केवारी 32 वरून जेमतेम 34 च्या आसपास गेली होती, आणि मोजून पाहिली तर एकूण मतं 2019 पेक्षाही कमी. समोरचा हुजूर पक्ष 43.6 टक्क्यांवरून 23.7 वर कोसळला आणि रिफॉर्म पक्षाने 14 टक्के मतं खाल्ली, त्यातून हा डोंगर उभा राहिला. जागा परत आल्या, मतदार फारसे आलेच नाहीत.

आपल्याकडे कुठलं दुखणं झालंय हे ओळखायला मोठ्या सर्वेक्षणाची गरज नसते. आपल्या देशात मतदान केंद्रनिहाय मतं फॉर्म 20 मध्ये मिळतात. मागच्या आणि या निवडणुकीचे कागद शेजारी ठेवायचे आणि बूथ बूथ जुळवायचा. मधे केंद्रांची फेररचना झाली असेल तर कटकट होते, पण जमतं. मतं टिकून जागा गेली असेल तर तिथे उमेदवार आणि युती बघा. मतंच निम्म्यावर आली असतील तर त्या वस्तीत आपलं कोण राहतं, एवढंच आधी विचारा. अडचण एकच: घसरलेला बूथ अनेकदा बैठकीत समोर बसलेल्याच एखाद्या नेत्याचा निघतो, आणि मग कागद गुंडाळून चर्चा पुन्हा नव्या अध्यक्षावर येते.