गुगलनं पान वाचलं नाही तरी त्याचा पत्ता गुगलकडे असू शकतो

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, पण लिहिणाऱ्यांचं काम त्याच्या आधी भर पावसाळ्यातच चालू असतं. आता हे सगळं मोबाईलवर आलंय. कोणी नाटकाचा कच्चा प्रवेश पीडीएफ करून चार जाणकारांनी वाचावा म्हणून वेबसाईटवर ठेवतो, कोणी कविता ठेवतो, आणि धरून चालतो की लिंक फक्त आपल्याच माणसांकडे आहे. मग कोणीतरी त्यातल्या गाण्याची ओळ गुगलवर टाकतो अन् अख्खं नाटकच समोर येतं. "मी त लिंक कोणालेच नाही देली, मंग गुगलले भेटली कशी?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, म्हणून एकदा नीट लिहावंच म्हटलं. बऱ्याच स्पर्धा अन् दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि गुगलवर सापडलेली कविता अप्रकाशित आहे हे संपादकाला पटवणं कठीण जातं.

तर भेटते कशी? गुगलचा क्रॉलर म्हणजे एक प्रोग्राम, तो एक पान उघडतो, त्यातल्या सगळ्या लिंका गोळा करतो, मग त्या उघडतो, असं अखंड चालू. तुमच्या चार जाणकारांपैकी एकानं जरी ती लिंक कुठल्या उघड्या पानावर चिकटवली की संपलं. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या आमंत्रणाच्या लिंका गुगल सर्चमध्ये दिसायला लागल्या, तेव्हा भारी गोंधळ झाला होता. कोणी हॅक-बिक काही केलं नव्हतं, लोकांनीच त्या लिंका जागोजागी उघड्या टाकल्या होत्या आणि क्रॉलर तिथपर्यंत पोचला.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. शोधायच्या वेळी गुगल पानं वाचत बसत नाही. त्यानं आधीच उलटी सूची करून ठेवलेली असते, म्हणजे पानात कोणते शब्द आहेत हे लिहून ठेवण्याऐवजी प्रत्येक शब्दापुढं तो कोणकोणत्या पानात, कितव्या जागी आहे याची यादी. समजा ओळ आहे "बोडीच्या पारीवर टेंभरं पिकली, तू आली नाही". तर 'नाही'ची यादी प्रचंड लांब, 'तू'ची पण तशीच, पण 'टेंभरं'ची यादी एवढुशी. या सगळ्या याद्यांत जी पानं सामाईक तेवढीच उचलायची, मग शब्दांच्या जागा एकापाठोपाठ आहेत का ते बघायचं, काम झालं.

पण त्यातलं कोणतं पान वर दाखवायचं? १९७२ मध्ये केरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी मांडलं की जो शब्द कमी कागदपत्रांत येतो त्याला जास्त वजन द्यावं. हिशोबासाठी धरा एकूण १० लाख पानं आहेत, 'नाही' ५ लाख पानांत आहे, म्हणजे भागाकार २, त्याचा लॉग (शंभराचा २, हजाराचा ३, असा मोजतात तो) साधारण ०.३. 'टेंभरं' १० पानांत आहे, भागाकार १ लाख, लॉग ५. म्हणजे एकट्या 'टेंभरं'चं वजन 'नाही'च्या सोळा-सतरा पट! आजचं गुगल याशिवाय कितीतरी गोष्टी बघतं, तरी दुर्मिळ शब्दाचं महत्त्व काही गेलेलं नाही. आणि राजेहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या, जो लेखक छापील प्रमाण मराठीत प्रेमकविता लिहितो तो लाखोंच्या गर्दीत आपोआप लपतो, पण जो बोडी, बांधी, टोरी, टेंभरं असे शब्द घेऊन लिहितो त्याची ओळ चटकन सापडते. बोलीत लिहिणाऱ्यानं म्हणूनच जास्त काळजी घ्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मग लोक सांगतात, क्रॉलरनं काय वाचू नये हे लिहिलेली रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची फाईल वेबसाईटवर टाक, गुगल येणारच नाही. ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या नावाच्या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या कागदानं अधिकृत रूप मिळालं. त्या कागदातच स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी देणारी-नाकारणारी यंत्रणा नाही. म्हणजे धुऱ्यावर "इकडून जाऊ नये" अशी पाटी ठोकल्यासारखं आहे, सरळ माणूस वळसा घालून जाईल, ज्याला घुसायचंच आहे तो घुसेल. त्यातून ही फाईल कोणालाही उघडून वाचता येते, त्यामुळे "गुप्त नाटक" नावाच्या फोल्डरला मनाई लिहिली तर त्या फोल्डरचा पत्ता आपणच जाहीर केला.

खरी मेख पुढं आहे. वाचणं आणि सूचीत नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोबॉट्स फाईल फक्त वाचायला मनाई करते. दुसऱ्या कुठल्या पानावर तुमची लिंक असेल, तर गुगल तुमचं पान न उघडताही त्याचा पत्ता सूचीत घेऊ शकतं, आणि त्या लिंकवर कोणी "अमक्याचं नवीन नाटक" लिहिलं असेल तर तेवढ्यावरून पान काय आहे हेही त्याला कळतं. सूचीत नको असेल तर पानाच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या सूचनेत, नोइंडेक्स (सूचीत घेऊ नका) लिहावं लागतं. मार्च २०२० पासून व्हॉट्सॲपनं त्या आमंत्रणाच्या पानांवर हेच केलं. पण ही सूचना पानाच्या आत असते, ती कळायला गुगलनं पान उघडायला पाहिजे! ज्यानं जास्त काळजी म्हणून दोन्ही उपाय केले त्याचं नोइंडेक्स गुगलला कधी दिसतच नाही, आणि पत्ता सूचीत राहू शकतो. म्हणजे सूचीतून बाहेर राहायचं तर क्रॉलरला आत येऊ द्यायचं, हे ऐकून पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. पीडीएफला अन् फोटोला मेटा टॅग नसतो, तिथं सर्व्हरनं फाईल पाठवताना सोबत एक्स-रोबॉट्स-टॅग नावाचा हेडर, म्हणजे फाईलच्या बाहेरची तशीच सूचना, पाठवावा लागतो, वेबसाईट सांभाळणाऱ्या पोराला एवढंच नाव सांगा.

ती जी नोटीस फिरत असते ना, "मी माझं लिखाण वापरायची परवानगी देत नाही, सर्वांनी कॉपी-पेस्ट करा", त्यानं काहीही होत नाही. क्रॉलरसाठी ते नुसते आणखी काही शब्द. ही सरळ सरळ अंधश्रद्धा आहे, फक्त मोबाईलवरची. १९५७ च्या कायद्याप्रमाणं कॉपीराईट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, त्याला नोटीस लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही.

आधीच दिसलं असेल तर गुगलच्या सर्च कन्सोल या वेबसाईटवाल्यांसाठीच्या साधनात काढून टाकायची सोय आहे, पण ती साधारण सहा महिन्यांपुरती, तेवढ्यात मूळ फाईल काढा नाहीतर नोइंडेक्स लावा. आणि नोइंडेक्स हे सर्च इंजिनपुरतंच, एआयसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर वेगळे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं २०२३ मध्ये जीपीटीबॉट या आपल्या क्रॉलरचं नाव जाहीर केलं, त्याला रोबॉट्स फाईलमध्ये मनाई करता येते, पण ज्यानं आधीच उचललं ते परत येत नाही.

म्हणून कच्चं लिखाण लॉगिनच्या आतच ठेवा. क्रॉलरकडे तुमचा पासवर्ड नसतो, लॉगिनच्या पानाशी आला की तिथंच अडतो. तपासायला सोपं आहे, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर, जिथं तुमचं काहीच लॉगिन नाही, तिथं ती लिंक उघडून बघा. काही न विचारता नाटक उघडलं, तर क्रॉलरलाही ते तसंच उघडेल, मग ती फाईल तिथून काढा आणि त्या चौघांना ईमेलनं पाठवा.