विद्यापीठ वास्तुफेरी

विद्यापीठाच्या आवारातील महत्त्वाच्या इमारती जाणकार मार्गदर्शकासोबत पायी फिरून पाहण्याची रीत. बोलीत तिला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. इमारतीची शैली, दगड, बांधणी आणि तिथे घडलेला इतिहास जागेवरच उलगडून सांगितला जातो.

सोलापूरकरांच्या दृष्टीने या फेरीचा नकाशा बराचसा शहराबाहेर आहे, कारण इथल्या महाविद्यालयांचे विद्यापीठच बदलत गेले. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची असे. पुढे पुण्याची, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. सोलापूर जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये केगाव येथे उभे राहिले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईत उतरलेल्या माणसाला मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर स्टेशनापासून चालत गाठता येतो. इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा हा गॉथिक (टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीचा) मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. उंची सुमारे ८५ मीटर. पैसा मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. वर पश्चिम भारतातील विविध समाजांच्या माणसांचे पुतळे आहेत. खालून घाईने पाहणाऱ्याच्या ते नजरेतून सुटतात, म्हणून इथे थांबायलाच हवे.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. जेम्स ट्रबशॉच्या आराखड्यावरून ती १८७१ पर्यंत बांधली गेली. मनोरा आणि कमानी पाहताना २२ जून १८९७ ची रात्र सांगितलीच पाहिजे: इथला समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड या ब्रिटिश प्लेग अधिकाऱ्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. हा प्रसंग वगळून केवळ शैलीचे वर्णन करणारी फेरी अपुरी ठरते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची मुख्य इमारत आणि तिच्यासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा एकत्र पाहावा.

सोलापुरात नजर तयार करायला अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले आणि पुढे महापालिकेचे कार्यालय झालेले इंद्रभुवन उत्तम. केगावच्या आवाराला शतकाचे वय नाही, पण नव्या इमारतींनाही प्रश्न विचारता येतात: सावली कुठे पडते, वारा कुठून येतो, वर्गाबाहेर बसायला जागा आहे का? उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे फेरी सकाळी लवकर काढावी आणि आवारात शिरण्यापूर्वी विद्यापीठाची परवानगी घ्यावी.