एर्नेस्टो होस्ट : चार विजेतेपदांमागचा इतिहास

हेवीवेट किकबॉक्सिंगच्या चाहत्यांमध्ये सर्वश्रेष्ठ कोण यावर वाद सुरू झाला की नेदरलँड्सच्या एर्नेस्टो होस्टचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत हमखास येते. १९९७, १९९९, २००० आणि २००२ अशी चार वर्षे त्याने जपानमधील के-वन वर्ल्ड ग्रां प्री ही स्पर्धा जिंकली. त्याला मिळालेले ‘मिस्टर परफेक्ट’ हे बिरुद ऐकून अनेकांचा समज होतो की तो कधी हरलाच नसावा. प्रत्यक्षात तो अनेकदा हरला, काही वेळा अत्यंत वाईट रीतीने हरला, आणि त्याचे शेवटचे विजेतेपद तर ज्या रात्री तो स्वतः हरला त्याच रात्री त्याला मिळाले. ही कारकीर्द समजून घ्यायची तर तो कोणत्या परंपरेत शिकला आणि कोणत्या प्रकारच्या स्पर्धेत लढला, या दोन्ही गोष्टींच्या मागे जावे लागते.

किकबॉक्सिंगचे मूळ जपान आणि थायलंड यांच्यातील संघर्षात आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्योकुशिन कराटेचे तीन लढवय्ये बँकॉकला जाऊन थाई बॉक्सरांशी लढले. तीनपैकी दोन लढती जपान्यांनी जिंकल्या, पण संघासोबत गेलेले केंजी कुरोसाकी हरले. मुआय थाई या थाई मुष्टियुद्धातील कोपर, गुडघे आणि नडगीने मारलेल्या लाथा यांचा जपानी कराटेकांवर खोल परिणाम झाला. १९६६ मध्ये मुष्टियुद्धाचे आयोजक ओसामू नोगुची यांनी कराटे आणि मुआय थाई यांच्या मिश्रणातून व्यावसायिक किकबॉक्सिंगची सुरुवात केली, तर कुरोसाकी यांनी पुढे टोकियोत मेजिरो जिम काढली. तिथे शिकून परतलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये त्याच नावाची जिम ॲमस्टरडॅममध्ये सुरू केली. त्याच शहरात थॉम हारिंक यांची चाकुरिकी जिम होती आणि योहान व्हॉस यांची व्हॉस जिमही होती. एका मध्यम आकाराच्या युरोपीय शहरातील या मोजक्या जिमनी पुढची तीन दशके जगातील हेवीवेट किकबॉक्सिंगवर राज्य केले.

या डच शाळेने थाई पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, आणि तिचे खरे कर्तृत्व त्यातच आहे. थायलंडमध्ये लाथेला आणि गुडघ्याला अधिक मोल असते, त्यामुळे ठोशांच्या सलग मालिका तिथे कमी दिसतात. डच प्रशिक्षकांनी पाश्चात्त्य मुष्टियुद्धातील दोन-तीन ठोशांची मालिका घेतली आणि तिच्या शेवटी मांडीवर नडगीचा प्रहार, म्हणजे लो किक, जोडली. वरवर साध्या वाटणाऱ्या या जोडणीचा सर्वांत काटेकोर वापर होस्टने केला.

होस्टचा जन्म ११ जुलै १९६५ रोजी नेदरलँड्समध्ये सुरिनामी वंशाच्या कुटुंबात झाला. किशोरवयात तो या खेळाकडे वळला आणि योहान व्हॉस यांच्या हाताखाली घडला. सुरुवातीच्या काळात तो हेवीवेट नव्हता, ही बाब अनेकदा विसरली जाते. तो सुमारे ७९ किलो वजनगटात लढत असे, आणि किकबॉक्सिंग व मुआय थाईबरोबरच बूट घालून लढल्या जाणाऱ्या सावात या फ्रेंच प्रकारातही त्याने विजेतेपदे मिळवली होती. सावातमध्ये नडगीने मारता येत नाही, लाथ पायानेच अचूक लागावी लागते. त्याच्या नंतरच्या खेळात अंतराची जी बारीक जाण दिसते, तिचा उगम त्या शिक्षणात असावा असे मला वाटते. कमी वजनाच्या गटातून आलेला असल्यामुळे जाडजूड प्रतिस्पर्ध्यांशी बळाने भिडण्याची सवय त्याला लागलीच नाही.

जपानमध्ये याच सुमारास एक नवी कल्पना आकार घेत होती. ओसाकातील सेइदोकाइकान या कराटे संघटनेचे प्रमुख काझुयोशी इशी यांना निरनिराळ्या युद्धकलांतील बलाढ्य लढवय्ये एका नियमपुस्तकाखाली आणायचे होते. त्यांनी कोपराचे प्रहार वगळले, एकमेकांना धरून राहण्यावर मर्यादा घातली, फेऱ्या तीन मिनिटांच्या आणि थोड्या ठेवल्या, आणि आठ स्पर्धकांची बाद पद्धतीची स्पर्धा एकाच रात्रीत संपवण्याचे ठरवले. दूरचित्रवाणीसाठी ही मांडणी आदर्श होती, कारण प्रेक्षकाला एका संध्याकाळी सात लढती आणि एक विजेता मिळत असे. लढवय्यांसाठी मात्र ती क्रूर होती, कारण विजेत्याला काही तासांत तीन वेळा रिंगणात उतरावे लागे.

के-वन नावाची ही पहिली स्पर्धा ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी व्यायामशाळेत झाली. होस्टने उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या पीटर आर्ट्सला गुणांवर हरवले, आणि उपांत्य फेरीत अमेरिकेचा अनुभवी विजेता मॉरिस स्मिथ याला डोक्यावरील लाथेने नॉकआउट केले. अंतिम लढतीत त्याच्यासमोर होता क्रोएशियाचा ब्रँको चिकातिच, वय ३८. पहिल्याच फेरीत चिकातिचच्या ठोशाने होस्ट कोसळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ७९ किलो गटासाठी घेतलेल्या के-टू स्पर्धेत होस्टने थायलंडच्या चांगपुएकला नॉकआउट करून विजेतेपद मिळवले. म्हणजे १९९३ च्या अखेरीस तो दोन गटांच्या उंबरठ्यावर उभा होता: हलक्या गटात निर्विवाद श्रेष्ठ आणि वरच्या गटात एका ठोशाने पडलेला. त्याने वरचा गट निवडला, आणि पुढील काही वर्षे वजन व ताकद वाढवण्यात घालवली.

मधल्या काळात मुकुट इतरांकडे गेला. आर्ट्सने १९९४ आणि १९९५ मध्ये सलग दोनदा स्पर्धा जिंकली. १९९६ मध्ये क्योकुशिन परंपरेतला स्वित्झर्लंडचा अँडी हग विजेता ठरला, आणि त्या वर्षी उपांत्य फेरीत होस्टशी झालेली त्याची लढत दोन वाढीव फेऱ्यांपर्यंत गेली होती. टाच वरून खाली आणणारी ॲक्स किक आणि गिरकी घेऊन पायावर मारलेली टाच ही हगची अस्त्रे जपानी प्रेक्षकांना विलक्षण प्रिय होती. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, टोकियो डोममध्ये झालेल्या अंतिम लढतीत होस्टने त्याच हगला गुणांवर हरवून पहिले विजेतेपद घेतले. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

होस्ट या स्पर्धेसाठी एवढा योग्य का ठरला, याचे उत्तर लो किकमध्ये आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूवर नडगी आदळली की पहिल्या दोन-तीन प्रहारांत वेदना सहन होते. नंतर स्नायू सुजतो, पाय जड होतो, आणि पुढच्या पायावर भार टाकता येत नाही. ज्याला पुढच्या पायावर भार टाकता येत नाही त्याच्या ठोशात जोर उरत नाही आणि त्याला मागे सरकताही येत नाही. एकाच रात्रीच्या स्पर्धेत ही इजा अधिकच महाग पडते, कारण दोन लढतींमधल्या विश्रांतीत शरीर थंड होते आणि सुजलेला स्नायू आखडतो. परंतु लो किक मारणाऱ्यालाही धोका असतो. प्रतिस्पर्ध्याने वेळेवर पाय उचलला तर नडगीवर नडगी आपटते आणि मारणाराच जायबंदी होतो. होस्टने यावर काढलेला उपाय असा की लाथ कधी एकटी पाठवायचीच नाही. आधी डोक्याकडे वा बरगड्यांकडे ठोसे जात, प्रतिस्पर्धी हात वर घेऊन जागेवर घट्ट उभा राही, त्याचा भार पुढच्या पायावर येई, आणि ज्या क्षणी तो पाय उचलणे अशक्य असे त्याच क्षणी उजवी नडगी मांडीवर पोहोचे. त्याच्या जुन्या लढती पाहताना थक्क करणारी गोष्ट वेगाची नाही, क्रमाची आहे. प्रत्येक ठोसा पुढच्या प्रहारासाठी जागा करून देतो, आणि वाया गेलेली हालचाल जवळपास दिसत नाही. तीन लढतींसाठी शक्ती राखून ठेवावी लागणाऱ्या स्पर्धेत ही काटकसर निर्णायक होती.

१९९८ मध्ये आर्ट्सने तिन्ही लढती पहिल्याच फेरीत नॉकआउटने जिंकून तिसरे विजेतेपद मिळवले, आणि होस्टचा काळ संपला असे अनेकांना वाटले असल्यास नवल नव्हते. १९९९ च्या डिसेंबरमधील त्याची कामगिरी माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा उच्चांक आहे. उपांत्यपूर्व फेरीत त्याने हगला हरवले. उपांत्य फेरीत फ्रान्सचा जेरोम ल बानर समोर होता, ज्याने त्याच रात्री आर्ट्सला नॉकआउट केले होते आणि जो होस्टवरही तुटून पडला होता. त्या माऱ्यातून निभावून होस्टने दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडले. अंतिम लढतीत तरुण मिर्को ‘क्रो कॉप’ फिलिपोविचला त्याने तिसऱ्या फेरीत नॉकआउट केले. २००० मध्ये न्यूझीलंडच्या रे सेफोला अंतिम लढतीत हरवून त्याने मुकुट राखला. त्या वर्षावर एका मृत्यूची छाया होती. २४ ऑगस्ट २००० रोजी अँडी हगचे रक्ताच्या कर्करोगाने टोकियोत निधन झाले होते, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी. होस्ट आणि हग यांच्या लढतींनी या खेळाच्या पहिल्या दशकाला आकार दिला होता.

२००१ मध्ये होस्टने उपांत्यपूर्व लढत जिंकली, पण दुखापतीमुळे त्याला माघार घ्यावी लागली, आणि न्यूझीलंडचा मार्क हंट विजेता झाला. त्यानंतरचे २००२ हे वर्ष या साऱ्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त वर्ष आहे. अमेरिकन फुटबॉलमधून आलेला बॉब सॅप नावाचा दीडशे किलोंहून अधिक वजनाचा लढवय्या जपानी दूरचित्रवाणीचा लाडका झाला होता. त्याचे तंत्र कच्चे होते, पण वजन आणि आवेग अफाट होता. ऑक्टोबरमध्ये त्याने होस्टला पहिल्याच फेरीत हरवले. होस्ट स्पर्धेबाहेर गेला, मात्र नेदरलँड्सचाच सेमी स्खिल्ट जायबंदी झाल्यामुळे त्याला पुन्हा आत घेण्यात आले, आणि ७ डिसेंबरला टोकियो डोममध्ये उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा सॅपच आला. या वेळी होस्टने सॅपला चांगलीच झुंज दिली, पण दुसऱ्या फेरीत सॅपच्या अंधाधुंद ठोशांखाली पंचांना लढत थांबवावी लागली. सॅपचा हात मात्र त्या लढतीत मोडला होता. नियमाप्रमाणे पराभूत होस्ट उपांत्य फेरीत गेला, तिथे रे सेफोला पायाच्या दुखापतीमुळे लढत सोडावी लागली, आणि अंतिम लढतीत होस्टच्या लाथा अडवताना ल बानरचा हात मोडला. ३७ वर्षांच्या होस्टच्या नावावर चौथे विजेतेपद लागले.

हा मुकुट खरा मानावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. माझे मत असे आहे की तो पहिल्या तिघांच्या तोलाचा नाही, पण दैवाने दिलेलाही नाही. एका रात्रीच्या स्पर्धेत तिसऱ्या लढतीपर्यंत उभे राहणे हाच निकष असतो, आणि त्या रात्री प्रतिस्पर्ध्यांचे पाय आणि हात निकामी झाले ते बहुतांशी होस्टच्याच प्रहारांनी किंवा त्याच्यावर प्रहार करताना. सॅपच्या दोन विजयांनी दाखवलेले सत्यही तितकेच महत्त्वाचे आहे. वरच्या मर्यादेविना वजनगट असला की तंत्राच्या श्रेष्ठतेलाही एक सीमा असते. होस्टची उंची १८९ सेंटिमीटर होती, आणि त्याच्या पिढीत ती पुरेशी होती. पुढच्या काळावर राज्य केले ते २१२ सेंटिमीटर उंचीच्या सेमी स्खिल्टने, ज्याच्या लांब डाव्या हातापलीकडे पोहोचणेच बहुतेकांना अवघड होते.

संघटनेची घडीही बदलत होती. इशी यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात शिक्षा झाली आणि के-वनची सूत्रे इतरांकडे गेली. रिंगणात २००३ आणि २००४ ही वर्षे नेदरलँड्सच्याच रेमी बोनयास्कीची होती. होस्टने २००६ मध्ये निवृत्तीची तयारी केली. मे महिन्यात ॲमस्टरडॅममध्ये मायदेशातील निरोपाची लढत सॅपशी ठरली होती, म्हणजे जुना हिशेब चुकता करण्याची संधी होती. ऐनवेळी सॅप रिंगणात उतरलाच नाही. तेव्हा त्या रात्री लढण्यासाठी न आलेला पीटर आर्ट्स तसाच तयार होऊन समोर उभा राहिला, आणि आर्ट्सने ती लढत गुणांवर जिंकली. एकमेकांविरुद्ध सर्वाधिक काळ लढलेल्या दोन डच लढवय्यांमधील नाते किती आदराचे होते, हे त्या प्रसंगातून कळते. २ डिसेंबर २००६ रोजी टोकियो डोममध्ये ४१ वर्षांच्या होस्टने उपांत्य फेरी गाठली, आणि तिथे स्खिल्टने त्याला गुणांवर हरवले. पुढे २०१४ मध्ये तो जपानमध्ये थोड्या काळासाठी परतला, तेव्हाही आर्ट्स प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलाच.

स्खिल्टने २००५, २००६, २००७ आणि २००९ मध्ये स्पर्धा जिंकून चार विजेतेपदांची बरोबरी साधली. त्यानंतर लवकरच ही चौकटच मोडली. २०१० ची स्पर्धा ॲलिस्टर ओव्हरिमने जिंकली, पण आयोजक कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि अनेक लढवय्यांचे मानधन थकले. नव्या मालकांच्या काळातील ग्रां प्रीची अंतिम फेरी मार्च २०१३ मध्ये झग्रेबला झाली आणि ती १९९९ मधला उपविजेता मिर्को फिलिपोविच याने जिंकली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोरी या संघटनेकडे हेवीवेट लढवय्यांचा ओघ वळला. तिथे एका रात्रीच्या स्पर्धा अधूनमधून होतात, तरी केंद्रस्थानी असते एकेका लढतीत राखायचे विजेतेपद. नेदरलँड्सच्याच रिको व्हेरहूव्हनने ते जून २०१४ मध्ये डॅनिएल गित्साला हरवून मिळवले आणि वर्षानुवर्षे टिकवले. होस्ट व स्खिल्ट यांच्या नावावरील चार ग्रां प्री विजेतेपदांचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.