हीरोज रिटर्न

हीरोज रिटर्न : मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९९७च्या अखेरीपासून आपल्या चार जुन्या सुपरहिरो मालिका मूळ कथाविश्वात परत आणून पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या, त्या उपक्रमाचे नाव. फँटॅस्टिक फोर, कॅप्टन अमेरिका, ॲव्हेंजर्स आणि आयर्न मॅन या त्या चार मालिका; थॉरची मालिका १९९८मध्ये त्यांच्या पाठोपाठ आली. फसलेल्या कथानकाने विस्कटलेले कथाविश्व कसे सावरावे, याचे उदाहरण म्हणून सुपरहिरो कॉमिक्सच्या वाचकांत या उपक्रमाचा दाखला दिला जातो. वर्षभरापूर्वी हेच काम वेगळ्या रीतीने करून झाले होते आणि ते अंगाशी आले होते, म्हणून हा दाखला अधिक बोलका.

१९६१मध्ये फँटॅस्टिक फोर सुरू झाल्यापासून मार्व्हलच्या बहुतेक मालिका एकाच जगात घडतात. स्पायडरमॅनच्या अंकात पडलेली इमारत आयर्न मॅनच्या अंकातही पडलेलीच असते. या सातत्याचा वाचकाला लळा लागतो आणि लेखकाला जाच होतो. एका मालिकेतली चूक दुसरीत झिरपते. क्रॉसओव्हरमध्ये तर एकच कथा चार-पाच मालिकांत वाटलेली असते, त्यामुळे ती बिघडली की चारही घरांत पाणी शिरते. मराठीत इंद्रजाल कॉमिक्समधून आलेल्या वेताळाला ही अडचण फारशी नव्हती. तो एकविसावा, त्याच्या आधीचे वीस वेगळे, हिशेब मिटला. मार्व्हलचे नायक पिढ्या बदलत नाहीत. तीच माणसे दशकानुदशके तरुण राहतात आणि मागचे सगळे ओझे वाहत असतात.

या नोंदीपुरती बिघाडाची सुरुवात १९९५मधल्या 'द क्रॉसिंग' या कथानकापासून धरता येते. ॲव्हेंजर्स, आयर्न मॅन, फोर्स वर्क्स आणि वॉर मशीन या मालिकांतून ते चालले. टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन हा गेली अनेक वर्षे कांग या काळप्रवासी खलनायकाच्या प्रभावाखाली होता, असे त्यात उघड झाले. टोनीने खून केले. त्याला थोपवण्यासाठी सहकाऱ्यांनी काय करावे? दुसऱ्या काळरेषेतून विशीही न गाठलेला टोनी उचलून आणला. मोठा टोनी अखेर प्राण देऊन पापक्षालन करतो आणि त्याची जागा हा पोरसवदा टोनी घेतो. वास्प या नायिकेचे रूपांतर याच सुमारास अर्ध्या कीटकात झाले होते. वाचकांचा राग एखाद्या मृत्यूवर नव्हता, कॉमिक्समध्ये मृत्यू नवा नाही. तीस वर्षे ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मधली बरीच वर्षे खोटा होता, असे मागाहून सांगितले गेले, हे खटकले. आधी वाचलेले अंकही त्यामुळे नासले. याच काळात स्पायडरमॅनच्या मालिकांत क्लोनचे, म्हणजे हुबेहूब प्रतिमाणसाचे, लांबलेले कथानक चालू होते आणि वर्षानुवर्षे वाचलेला पीटर पार्कर अस्सल नव्हेच, असे तिथेही सांगून झाले होते.

कथेबाहेर परिस्थिती याहून वाईट होती. १९८९मध्ये उद्योगपती रोनाल्ड पेरेलमन यांनी मार्व्हल ८ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतली. १९९१मध्ये एक्स-मेनच्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८० लाखांवर खपला, तो बराचसा निरनिराळ्या मुखपृष्ठांमुळे आणि पुढेमागे किंमत येईल म्हणून साठवणाऱ्यांमुळे. त्या अंकाचा चित्रकार जिम ली आणि त्याच्यासारखेच लोकप्रिय रॉब लायफेल्ड हे १९९२मध्ये इतर सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि त्यांनी इमेज ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९९३च्या सुमारास साठेबाजीचा फुगा फुटला. मग मार्व्हलने हीरोज वर्ल्ड ही वितरणसंस्था विकत घेऊन १९९५पासून आपले अंक फक्त तिच्यामार्फत द्यायला सुरुवात केली. तो कारभार दोन वर्षांतच गुंडाळावा लागला. २७ डिसेंबर १९९६ रोजी मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अशा अवस्थेत पहिली डागडुजी झाली, तिचे नाव हीरोज रिबॉर्न. डागडुजी म्हणण्यापेक्षा घर पाडून भूखंड कंत्राटदाराच्या हवाली केला म्हणावे. १९९६च्या 'ऑन्स्लॉट' या क्रॉसओव्हरमध्ये एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्स आणि त्यांचा जुना वैरी मॅग्नेटो यांच्या मनांतून जन्मलेल्या एका शक्तीला संपवण्यासाठी ॲव्हेंजर्स आणि फँटॅस्टिक फोर तिच्यात झेपावतात आणि जगाच्या दृष्टीने मरतात. प्रत्यक्षात फँटॅस्टिक फोरमधले जोडपे रीड आणि सू रिचर्ड्स यांचा मुलगा फ्रँकलिन त्यांना नकळत एका छोट्या, स्वतः निर्मिलेल्या विश्वात नेऊन ठेवतो. तिथे त्यांना जुने काहीच आठवत नाही. त्यांच्या कथा पहिल्यापासून, नव्वदीच्या दशकात, नव्याने घडतात. हे छोटे विश्व लिहिण्या-चितारण्याचे काम मार्व्हलने बाहेर दिले आणि तेही चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या ली व लायफेल्ड यांच्याच स्टुडिओंना. आयर्न मॅन आणि फँटॅस्टिक फोर लीकडे, कॅप्टन अमेरिका आणि ॲव्हेंजर्स लायफेल्डकडे. संपादकीय खोलीत तेव्हा काय वातावरण असेल, याची कल्पना कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला करता येईल.

यात सर्वांत जास्त अन्याय झाला तो लेखक मार्क वेड आणि चित्रकार रॉन गार्नी यांच्यावर. त्यांनी कॅप्टन अमेरिकाची मरगळलेली मालिका नुकती कुठे उभी केली होती, ती ४५४व्या अंकाला थांबवली गेली. ॲव्हेंजर्स ४०२ला, फँटॅस्टिक फोर ४१६ला थांबली. नव्या मालिकांचा खप सुरुवातीला खरोखरच वाढला, हे मान्य केले पाहिजे. पण लायफेल्डशी केलेला करार मध्येच संपवून त्याच्या दोन्ही मालिका लीच्या स्टुडिओकडे वळवाव्या लागल्या. बारा अंकांत कथा आटोपली आणि तेराव्या अंकात लीच्या स्वतःच्या पात्रांबरोबर एक क्रॉसओव्हर झाला.

दरम्यान मूळ विश्वात मोठी पोकळी होती आणि तिचा सर्वांत चतुर उपयोग कर्ट ब्युसिक या लेखकाने केला. ॲव्हेंजर्स नाहीत, तर त्यांची जागा कोण घेणार? १९९७मध्ये ब्युसिक आणि चित्रकार मार्क बॅगली यांनी थंडरबोल्ट्स नावाचा नवा नायकांचा चमू आणला. पहिल्या अंकाच्या शेवटी कळते, की हे नायक म्हणजे वेश पालटलेले जुने खलनायक आहेत आणि त्यांचा म्होरक्या कॅप्टन अमेरिकाचा जुना शत्रू बॅरन झीमो. दुसऱ्याने पाडलेल्या भगदाडातून बाग फुलवावी तसे हे झाले. मार्व्हलच्या त्या दशकातल्या सर्वोत्तम अंकांत त्याची गणना करायला हरकत नाही.

परतीचा दरवाजा 'हीरोज रिबॉर्न : द रिटर्न' या चार अंकांच्या मालिकेने उघडला. लेखक पीटर डेव्हिड, चित्रकार साल्वादोर लारोका. फ्रँकलिनचे विश्व त्याच्याजवळच्या एका निळ्या चेंडूत आहे आणि दोन जगांपैकी कोणते राहावे, हे त्या लहान मुलाने ठरवायचे आहे, अशी त्याची मांडणी. शेवटी नायक घरी येतात आणि चेंडूतले जगही वाचते. पुढे तेच जग प्रतिपृथ्वी म्हणून थंडरबोल्ट्सच्या कथांत कामी आले. काहीही पुसून टाकायचे नाही, हे धोरण इथेच दिसते.

त्यानंतरचे काम लेखकांच्या निवडीने झाले. ॲव्हेंजर्स ब्युसिक आणि जॉर्ज पेरेझ यांच्याकडे गेली. पेरेझने हीच मालिका सत्तरच्या दशकात चितारली होती आणि एका चौकटीत वीस-पंचवीस नायक प्रत्येकाच्या चेहऱ्यासकट बसवावेत ते त्यानेच. पहिल्याच कथेत संघाचे झाडून सारे जुने सदस्य गोळा होतात. आपली माणसे जागेवर आहेत ना, हे वाचकाला मोजून घेता यावे, असाच तो प्रकार. आयर्न मॅन ब्युसिक आणि शॉन चेन यांनी घेतली. कॅप्टन अमेरिका पुन्हा वेड आणि गार्नी यांच्याकडे आली, म्हणजे हिसकावलेले ताट परत मिळाले. त्यांनी दुसऱ्याच अंकात कॅप्टनची ढाल समुद्रात बुडवली. हा आत्मविश्वास लक्षणीय आहे, कारण नुकतेच सावरलेले पात्र लेखक सहसा जपून हाताळतात. फँटॅस्टिक फोरची घडी मात्र लगेच बसली नाही. स्कॉट लॉबडेल आणि ॲलन डेव्हिस तीनच अंक टिकले, मग क्रिस क्लेअरमाँट आणि लारोका आले. थॉर डॅन जर्गेन्स आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांनी चालवली.

उरला प्रश्न 'द क्रॉसिंग'चा. परतलेला टोनी स्टार्क वयाने मोठा होता, वास्पही पुन्हा माणूस होती. फ्रँकलिनने त्यांना जसे आठवले तसे घडवले, एवढ्यावर निभावले. पण टोनीने केलेले खून? बारा अंकांच्या 'ॲव्हेंजर्स फॉरएव्हर' (१९९८–२०००) या मालिकेत ब्युसिक, रॉजर स्टर्न आणि चित्रकार कार्लोस पाचेको यांनी ते गाठोडे सोडले. त्या कथानकातला कांग हा कांग नव्हताच, तर त्याचाच उत्तरायुष्यातला अवतार इमॉर्टस वेश घेऊन आला होता आणि इतर काही पात्रे ही रूप बदलणारे स्पेस फँटम होते, असा उलगडा त्यात आहे. म्हणजे घटना घडल्या, फक्त करणारा वेगळा निघाला. ही युक्ती वकिली थाटाची आहे आणि ज्याने मूळ अंक वाचलेच नाहीत त्याला या मालिकेची काही प्रकरणे जमाखर्चाची वही वाचल्यासारखी वाटतात. जुन्या वाचकाला मात्र त्याच वहीत आनंद मिळतो.

धंद्याच्या बाजूने सावरायला वेगळी कारणे होती. १९९८मध्ये टॉय बिझ या खेळणी कंपनीशी विलीनीकरण होऊन मार्व्हल दिवाळखोरीतून बाहेर आली. त्याच वर्षी जो केसाडा आणि जिमी पाल्मियोटी यांना मार्व्हल नाइट्स या शाखेखाली डेअरडेव्हिलसारख्या मालिका देण्यात आल्या. बाहेरच्या माणसांना काम देण्याचीच ही पद्धत, पण या वेळी पात्रे मूळ विश्वातच राहिली. केसाडा २०००मध्ये मार्व्हलचा मुख्य संपादक झाला.

रिबॉर्नच्या अंकांबद्दल कंपनीची अधिकृत भूमिका काय, याचे उत्तर पुढे अंकांच्या क्रमांकांनी दिले. २००३मध्ये फँटॅस्टिक फोर आणि २००४मध्ये ॲव्हेंजर्स या मालिकांनी पुन्हा जुना अनुक्रम धरला आणि दोन्हींचा ५००वा अंक निघाला. ॲव्हेंजर्सचा हिशेब असा : पहिल्या मालिकेचे ४०२, रिटर्ननंतरचे ८४ आणि मधले लायफेल्ड-ली यांचे १३. ते तेरा धरले नसते, तर ५००वा अंक आणखी वर्षभर लांबला असता.