कॉडलिंग: मासा की सफरचंद?

जुन्या इंग्रजी पाककृतीत ‘कॉडलिंग’ दिसलं की पुढचं वाक्य वाचल्याशिवाय चुलीवर मासा चढलाय की सफरचंद, ते कळत नाही. शब्द एकच, पण कोशात नोंदी दोन.

माशाचं कोडं सोपं. कॉड हा उत्तर अटलांटिकमधला मोठा मासा, आणि त्याचं पिल्लू ते कॉडलिंग. शेवटचा ‘लिंग’ हा प्रत्यय (आपल्या व्याकरणातल्या लिंगाशी त्याचं काही नातं नाही) लहानपण दाखवतो. बदकाचं पिल्लू ‘डकलिंग’ होतं ते त्यामुळेच. आपल्या वासरू, कोकरू, शिंगरूमधल्या ‘रू’सारखंच हे.

दुसरं कॉडलिंग म्हणजे शिजवून खायच्या सफरचंदाचा एक प्रकार, आणि त्याचा माग मात्र वाकडातिकडा आहे. १४४० च्या सुमारास इंग्लंडातल्या नॉरफोक भागात तयार झालेल्या एका इंग्रजी-लॅटिन कोशात हे फळ ‘क्वेर्डलिंग’ म्हणून येतं. पुढे जिभेवर घासत त्याचं ‘क्वॉडलिंग’ झालं, मग ‘कॉडलिंग’. काहींच्या मते मूळ शब्द नॉर्मन फ्रेंचमधला, अर्थ ‘सिंहाचं काळीज’. फळ कडक होतं म्हणून हे नाव, असा तर्क. पक्का पुरावा नाही, पण मला तो आवडतो: तो खरा असेल तर माशातलं ‘लिंग’ म्हणजे पिल्लू आणि सफरचंदातलं ‘लिंग’ म्हणजे झिजलेला सिंह!

शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकात माल्व्होलिओ हा कारभारी दाराशी आलेल्या तरुणाचं वर्णन करताना हाच शब्द वापरतो. धड पोर नाही, धड पुरुष नाही, सफरचंद होता होता राहिलेलं कॉडलिंग. तिथे अर्थ कच्चं फळ.

हे फळ आंबट, म्हणून शिजवून खायचं. लंडनच्या रस्त्यांवर भाजलेली गरम कॉडलिंगं विकली जात, आणि जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाचं ती विकणाऱ्या म्हातारीवरचं गाणं एकोणिसाव्या शतकात गाजलं होतं. मंद आचेवर शिजवणं या अर्थाचं ‘कॉडल’ हे क्रियापद याच फळावरून आलं, असं काही जण मानतात. इतर जण ते ‘कॉडल’ नावाच्याच एका गरम पेयाशी जोडतात. लाडावून ठेवणं हा या क्रियापदाचा अर्थ नंतरचा.

आज मासेमार आणि जुन्या बागांचे शौकीन सोडले तर हा शब्द जास्त ऐकू येतो तो एका किडीमुळे. ‘कॉडलिंग मॉथ’ची अळी सफरचंद पोखरत थेट बियांपर्यंत जाते. भारतात तिचा उपद्रव लडाखमध्ये आहे, आणि तिथल्या बागायतदाराला कॉडलिंग म्हटलं की ना मासा आठवतो, ना सिंह.