आठाचा आकडा आधी आला, कारण मागाहून

शाळेत सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ असं घोकून घेतात आणि समजावण्याचा क्रम ठरलेला असतो: अणूत कवचं आहेत, प्रत्येकात ठरावीक इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून बंध तयार होतात. प्रत्यक्षात घडलं ते उलट. पदार्थ एकमेकांशी कसे जोडले जातात हे बघून रसायनवाल्यांनी आठाचा आकडा आधी काढला: सगळ्यात बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर. त्याचं कारण भौतिकवाल्यांच्या हाती लागायला पुढे वीसेक वर्षं गेली.

डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा १९१३ सालचा, अणूंतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा तक्ता काढून बघा. हायड्रोजनच्या वर्णपटाचं त्यांचं गणित चोख होतं, पण पुढच्या मूलद्रव्यांत आतून बाहेर कुठल्या वर्तुळावर किती इलेक्ट्रॉन, हे त्या गणितातून निघत नव्हतं. लिथिअम त्यांनी २, १ असा मांडला, तो आजही बरोबर ठरतो. नायट्रोजन मात्र ४, ३. निऑन ८, २, म्हणजे आठ आत आणि दोन बाहेर! सोडिअम ८, २, १. आजच्या परीक्षेत यावर भोपळाच मिळाला असता. नायट्रोजनच्या बाहेर तीन का, तर अमोनियात तो तीन हायड्रोजन धरतो म्हणून. थोडक्यात, बोर यांनी आकडे रसायनशास्त्राकडून उसने घेतले होते.

रसायनवाल्यांकडे ते आले कुठून? मुख्यतः निष्क्रिय वायूंमुळे, म्हणजे जे कुणाशीच जोडले जात नव्हते. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांना हवेत आर्गॉन सापडला, १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन वेगळे केले. हेलिअमची चाहूल त्याआधीच, १८६८ मध्ये, सूर्याच्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेतून लागली होती. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हा शोध इथेच लागला असं सांगितलं जातं. पण ती रेषा टिपणाऱ्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन १८ ऑगस्टच्या त्या खग्रास ग्रहणात होते आंध्रातल्या गुंटूरला, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, इंग्लंडात बसून केलं. असो. मेंडेलीव्हच्या सारणीत या वायूंना जागाच नव्हती. शेवटी एक अख्खा नवा गट जोडावा लागला. हे वायू इतके अलिप्त, त्या अर्थी त्यांच्या अणूची रचना आधीच पुरी झालेली असणार, असा तर्क मग आपसूकच आला.

१९०४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅबेग यांनी दाखवलं, की मूलद्रव्याची कमाल धन आणि ऋण संयुजा (म्हणजे जोडलं जाताना ते जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन देऊ किंवा घेऊ शकतं तो आकडा) मिळवली तर बेरीज आठ येते. गंधकाची सहा नि दोन, क्लोरिनची सात नि एक. त्याच्या दोनच वर्षं आधी, २८ मार्च १९०२ रोजी, अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुइस यांनी एका कागदावर छोटे छोटे घन काढले होते. घनाला कोपरे आठ. प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. आठही कोपरे भरले की अणू तृप्त. ही कल्पना त्यांनी तब्बल चौदा वर्षं छापली नाही.

१९१६ मध्ये ती छापली, तेव्हा घनाची अडचण त्यांना स्वतःलाच दिसत होती. दोन घनांची एक कडा सामाईक केली तर दोन इलेक्ट्रॉन वाटले जातात, म्हणजे एकेरी बंध. एक अख्खं पृष्ठ सामाईक केलं तर चार, म्हणजे दुहेरी. पण नायट्रोजनच्या रेणूत किंवा अ‍ॅसिटिलीनमध्ये असतो तो तिहेरी बंध? घनांची कशीही जुळणी करा, तो बसत नाही. मग लुइस यांनी आठ इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या केल्या आणि त्या चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीच्या, चार कोपऱ्यांवर नेल्या. आता कोपरा जुळवला की एकेरी, कडा जुळवली की दुहेरी, पृष्ठ जुळवलं की तिहेरी.

माझ्या मते आठापेक्षा ही जोडीच त्यांची खरी कमाई. एकूण इलेक्ट्रॉन मोजले तर जवळपास प्रत्येक रेणूत सम संख्या येते, हे त्यांनी हेरलं. पाण्यात दहा, अमोनियात दहा, मिथेनमध्येही दहा. पंधरा इलेक्ट्रॉनांचा नायट्रिक ऑक्साइड हा अपवाद. दोन ऋणभार एकमेकांना ढकलण्याऐवजी जोडीने का राहतात, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

त्याच वर्षी जर्मनीत कोसेल यांनी आयनिक बंधाची बाजू मांडली: सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन घेतो, दोघांनाही शेजारच्या निष्क्रिय वायूसारखी रचना मिळते. १९१९ पासून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी लुइस यांची कल्पना इतक्या जोमाने पसरवली, की ‘अष्टक’ (आठ इलेक्ट्रॉनांचा संच) आणि ‘सहसंयुजा’ (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारी जोडणी) हे शब्द त्यांच्याच नावावर जमा झाले. दोघांत वितुष्ट आलं. लँगम्यूर यांना पुढे नोबेल मिळालं ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. लुइस यांचं नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवलं गेलं, पण पारितोषिक नाही ते नाहीच.

कवचांना के, एल, एम अशी नावं का, ए पासून सुरुवात का नाही? ही अक्षरं आली मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या मालिकांवरून. त्या वेगळ्या करताना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ बार्कला यांना आणखीही काही सापडतील असं वाटलं, म्हणून त्यांनी आधीची अक्षरं मोकळी सोडली. के च्या आत काहीच निघालं नाही.

आठाचं कारण मिळालं १९२५ मध्ये. आदल्या वर्षी भौतिकशास्त्रज्ञ स्टोनर यांनी कवचांची उपकवचांत, म्हणजे आतल्या छोट्या पातळ्यांत, विभागणी केली होती. त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी नियम मांडला, की एका अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे सगळे पुंजांक (इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणारे आकडे) सारखे असूच शकत नाहीत. त्यातून २, ८, १८, ३२ हे आकडे सरळ पडतात, आणि विरुद्ध फिरकीचे (स्पिनचे) दोन इलेक्ट्रॉन एका कक्षकात, म्हणजे उपकवचातल्या एका जागेत, बसतात म्हणजे लुइस यांची जोडी. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूचा बंध पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) सोडवून दाखवला. तिसऱ्या कवचात अठरा मावत असूनही पोटॅशिअम २, ८, ८, १ असा का, याचं उत्तरही उपकवचांतच आहे: चौथ्या कवचातली ४एस ही पातळी तिसऱ्यातल्या ३डी च्या आधी भरते.

‘निष्क्रिय’ हे विशेषण मात्र १९६२ पर्यंतच टिकलं. कॅनडात रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं, की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतो, आणि झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. २३ मार्चला त्यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि झेनॉन एकत्र येऊ दिले. लगेच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉनची साधी फ्लोराइडंही बनली.