मंद आवाजासाठी स्पीकरची निवड

शेजाऱ्यांची किंवा घरातल्याच झोपलेल्या माणसांची झोप न मोडता गाणे ऐकायचे असेल, तर आवाज कमी केल्यावरही संगीताचा भरीवपणा टिकवणारे स्पीकर लागतात. ठाणे आणि नवी मुंबईत ही गरज रोजची आहे. घोडबंदर रोडवरचे टॉवर असोत की वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती, एका घराची भिंत दुसऱ्या घराचीही असते आणि आपली जमीन म्हणजे खालच्याचे छत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत परिसरातल्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ती ५५ आहे.

आवाज कमी केला की गाणे नुसते लहान होत नाही, त्याचा तोलच बदलतो. याचे कारण यंत्रात नसून कानात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. पुढे त्यावर आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले आणि २००३ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर सुधारले गेले. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; ती जितकी जास्त, तितका सूर वरचा. त्या मानकानुसार १००० हर्ट्‌झचा सूर ८० डेसिबलवर वाजत असेल, तर १०० हर्ट्‌झचा सूर तितकाच मोठा वाटण्यासाठी सुमारे ९२ डेसिबल लागतात. फरक १२ चा. वरचा सूर ४० डेसिबलवर आणला, तर खालच्याला सुमारे ६४ लागतात. फरक २४ चा. म्हणजे बटण फिरवून सगळे सूर सारखेच कमी केले, तरी कानाला खालचे सूर कितीतरी जास्त हरवल्यासारखे वाटतात.

आपल्या संगीतात हे नुकसान ठळकपणे जाणवते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास असते. मंद आवाजात जवारीचा, म्हणजे तारेच्या वरच्या सुरांचा, झंकार ऐकू येतो, पण खर्जाचा पाया विरतो. तबल्याची चाट स्पष्ट राहते आणि डग्ग्याचा घुमारा जातो. मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून मेंदू मूळ सूर ओळखून घेतो, त्यामुळे लहान स्पीकरवरही गाणे बेसूर वाटत नाही. मात्र त्याला वजन राहत नाही.

म्हणून खोक्यावर लिहिलेले वॅट या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारा, साधा स्पीकर रात्री खोलीत तेवढ्याच अंतरावर ६५ डेसिबल देण्यासाठी एका वॅटचा शंभरावा भागही घेत नाही. पाहायचे ते वेगळेच. स्पीकरमध्येच ॲम्प्लिफायर असेल, तर गाणे बंद ठेवून कान जवळ नेऊन त्याची सुरसुर ऐकावी. मोठ्या आवाजात लपणारी ही सुरसुर रात्री हळुवार आलापात डोके वर काढते. साध्या फिरत्या बटणाच्या ॲम्प्लिफायरमध्ये अगदी कमी आवाजाला डावी-उजवी बाजू बऱ्याचदा असमान होते आणि गायक एका कडेला सरकतो. वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपी जाणारे काही स्पीकर मंद गाण्याला शांतता समजून मध्येच बंद पडतात. ती सोय बंद करता येते का, हे विकत घेण्याआधी विचारावे.

यावरचा खरा उपाय म्हणजे आवाज उतरेल तसतसे खालचे सूर वाढवणारी सोय. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या ॲम्प्लिफायरवर त्यासाठी ‘लाउडनेस’चे बटण सर्रास असे, यामाहाने तर ते कमीजास्त करता येईल असे दिले. आता हेच काम काही स्पीकर आतल्या चिपकडून करून घेतात. ही सोय नसेल तर बेसचे बटण थोडे वाढवावे. शुद्धतेच्या नावाखाली ते टाळणारे रसिक बरेच आहेत, पण कमी आवाजात काहीही न वाढवलेला आवाज हाच मुळापासून दूर गेलेला असतो, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

त्याखालोखाल महत्त्व अंतराचे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबल वाढतो. खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे थोडा कमी, तरी फायदा मोठा. हॉलच्या टोकाला टीव्हीशेजारी स्पीकर ठेवून सोफ्यावरून ऐकण्यापेक्षा हाताच्या दुप्पट अंतरावर, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या पातळीत ठेवून ऐकल्यास शेजाऱ्याकडे जाणारा आवाज न वाढवता आपल्याला जास्त मिळतो. स्पीकरच्या मागची भिंत जवळ असली की खालचे सूर आपसूक भरतात, पण ती भिंत शेजाऱ्यांच्या बेडरूमची नसावी. खालचे सूरच भिंत आणि स्लॅबमधून सर्वांत सहज पलीकडे जातात. त्यामुळे मोठा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, जमिनीवर ठेवणे फ्लॅटमध्ये जोखमीचे. खाली रबराचे पाय लावल्याने कंप कमी होतो, हवेतून जाणारा आवाज नाही.

पंखा, एसी आणि खालच्या रस्त्यावरची अवजड वाहतूक गाण्यातल्या बारीक जागा झाकून टाकतात. ठाणे-बेलापूर रोडजवळ राहणाऱ्याला स्पीकर बदलण्याआधी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटी बुजवणे स्वस्तात जास्त देऊन जाते.

दुकानात, मग ते मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचे असो की ठाण्यातले, स्पीकर मोठ्याने वाजवूनच दाखवतात आणि जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. ओळखीचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, आवाज साध्या बोलण्याच्या पातळीवर आणायला सांगावे आणि दोन्ही जोड्या सारख्याच आवाजावर ऐकाव्यात. जुना लाउडनेसवाला ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल, तर बटण सावकाश फिरवून पाहावे. खरखर आली तर आतला कार्बनचा पट्टा मळलेला किंवा झिजलेला असतो आणि मंद आवाजात तोच सर्वांत आधी त्रास देतो.